टाके सुकल्यावर

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आज अनंत चतुर्दशी, आणि आजच जागतिक रुग्णसुरक्षा दिन. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना हा दिवस पाळते. निवृत्तीच्या आधी एकदा आम्हीही ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारावर नारिंगी फीत लावली होती. फोटो काढला आणि पुढची केस आत घेतली. संघटना सांगते की दवाखान्यात उपचार घेणाऱ्या दर १० माणसांत साधारण एकाला उपचारातूनच काहीतरी इजा होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्याजोगी असते. इजा झालेला तो एक माणूस पुढे घरी कसा राहतो, त्याबद्दल आमच्या पोस्टरवर ओळ नव्हती.

काल धाकटी बहीण आली, दर्यापूरकडच्या तिच्या गावाहून. जुलैच्या अखेरीस तिच्या पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, इथेच, एका खासगी दवाखान्यात. टाके निघाले, जखमा सुकल्या, डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’ असं लिहिलेलं आहे. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात ती दिवसभर उभी होती. रात्री लुगडं बेंबीपाशी ओलं लागलं.

“गाठ आली व ताई. दुखत नाई तितकी, पन वली राह्यते,” म्हणाली. “मले वाटलं टाक्याची असन.”

पाहिली. टाक्याची नाही.

१९ सप्टेंबर

ओटीत आयुष्य गेल्यावर काही जखमा लांबूनही ओळखू येतात. साधा संसर्ग ऑपरेशननंतर आठवड्याभरात दिसतो: लाल, गरम, ताप. ही जखम आधी छान सुकली आणि महिन्यानंतर आतून उठली. ताप नाही, फार दुखणंही नाही. बेंबीला एक गाठ, छातीखालच्या छेदाला दुसरी होऊ घातलेली. दोन्हींतून पाण्यासारखा पातळ पू. क्षयरोगाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी काही जंतू असे वागतात. ते नळाच्या पाण्यात राहतात. प्यायला तर काही करत नाहीत. दुर्बिणीच्या नळीबरोबर कातडीखाली गेले की मात्र मुक्काम करतात.

ते आत कसे जातात, हे लिहून ठेवते; लोकांना कुणी सांगत नाही. दुर्बिणीची काही हत्यारं आणि लेन्स वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाहीत, किंवा घातली तर लवकर खराब होतात म्हणून घालत नाहीत. मग ती ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवतात, आमच्या भाषेत ‘सायडेक्समध्ये टाकतात’. त्यात २० मिनिटं ठेवलं की बहुतेक जंतू मरतात. सगळेच्या सगळे मरायचे तर हत्यार ८ ते १० तास बुडलेलं हवं. दिवसाला चार-पाच दुर्बिणी आणि सेट एकच असेल तर दहा तास आणायचे कुठून? दोन केसेसच्या मध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात हत्याराचे सांधे उघडून, ब्रशने घासून, आतलं रक्त काढायचं असतं; रक्त राहिलं तर द्रावण तिथवर पोचतच नाही. सगळं नीट करून शेवटी द्रावण धुवायला साधं पाणी वापरलं, तरी केलेलं सगळं वाया. तिथे निर्जंतुक पाणीच लागतं.

ब्राझीलमध्ये २००६-०७ च्या सुमारास एकट्या रिओ दि जानेरो राज्यात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर असे हजाराच्या आसपास संशयित रुग्ण निघाले. २००९ मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने दुर्बिणीची हत्यारं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदीच घातली. आपल्याकडे अजून द्रावणाची बादली आहे.

२५ सप्टेंबर

तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. तिथे मी सिस्टर म्हणून ओळख दिली नाही, बहीण म्हणून बसले. डॉक्टर वाईट माणूस नाही. हात चांगला आहे, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही असेल. त्यांनी जखम पाहिली, दोन सेकंद थांबले, मग म्हणाले, “पाणी लागू दिलं का घरी? बोअरचं पाणी खारं असतं तुमच्याकडे.”

धाकटीने मान खाली घातली. खारपाणपट्ट्यातल्या बाईला पाण्यावरून बोललं की ती लगेच मान्य करते; आयुष्यभर त्या पाण्याचंच सगळं ऐकलेलं असतं.

“बघू, टीबीचा कोर्स सुरू करू, सहा महिने.” असं म्हणून चिठ्ठी लिहायला घेतली. मी म्हटलं, आधी पू तपासायला पाठवा, साध्या कल्चरला नाही, मायकोबॅक्टेरियाच्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग नर्सला नमुना घ्यायला सांगितला. नागपूरला जाईल.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “पाह्य, मी तुले म्हनलंच होतं, मलेच म्हनतीन.”

३ ऑक्टोबर, घटस्थापना

रिपोर्ट आला. मायकोबॅक्टेरियम चेलोनी. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना हा दाद देत नाही. सहा महिने त्या खाल्ल्या असत्या तर लिव्हरला ताण आणि गाठी जिथल्या तिथे. आता क्लॅरिथ्रोमायसिन काही महिने आणि सोबत अमिकासिनची इंजेक्शनं. अमिकासिन किडनीवर आणि कानांवर येतं, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासलं. पूर्णेकाठच्या गावांत किडनी हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारतात, घरटी कुणीतरी गेलेलं असतं. तिचा आकडा बरा आला, तेवढं देवीनेच पाहिलं.

आज अंबादेवीला जायचं होतं. गर्दीत कुणाचा धक्का लागेल म्हणून ती नाही म्हणाली. मग दुपारी मुलीने पाठवलेला कागद काढला. मुलगी वर्ध्याला नर्सिंग शिकवते. आजारानंतर माणूस कसा जगतो ते मोजायला जगभर एक छोटी प्रश्नावली वापरतात, ईक्यू-५डी. पाच गोष्टी विचारतात: हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, काळजी किंवा उदासी. शेवटी ० ते १०० ची उभी पट्टी. आज तब्येत कुठे आहे ते दाखवायचं.

“चालता येतं?” “येतं.”

“आंघोळ, कपडे?” “करतो ना माह्यं मी.”

कागदावर दोन्हीला ‘काही त्रास नाही’. पण ती आंघोळ करते ते घरातले सगळे बाहेर गेल्यावर, कारण बोळ्याला वास येतो असं तिला वाटतं. येत नाही. मी नाक लावून पाहिलं आहे. चालते, पण खाली बसून उठताना एक हात पोटावर. चुलीपाशी, मोरीपाशी, वेचणीत, आपल्या बाईचा अर्धा दिवस उकिडवा जातो, आणि पाचांपैकी एकही प्रश्न उकिडवं बसण्याचा नाही. ज्याने तो कागद केला त्याच्या देशात सगळे खुर्चीवर बसत असतील.

“काळजी वाटते?” “नाई.” काल रात्री दोनला ती ओट्यावर बसलेली होती.

पट्टी पुढे केली. तिने बराच वेळ पाहिली. “शंभर म्हंजे किती व? दिवसभर वेचाले जाता येईन इतकं?” मी म्हटलं, हो, तितकं समज. तिने चाळीसच्या खाली बोट ठेवलं.

८ ऑक्टोबर

तिकडे सोयाबीन उभं आहे. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दर ऐकून माणूस बसतो. दरवर्षी ती स्वतः सवंगणीत असते. यंदा तिच्या वाट्याच्या कामाचे पैसे द्यावे लागणार. औषधं, एसटी, इंजेक्शनं यांच्या पावत्या तिचा नवरा पिशवीत ठेवतो. या मजुरीची पावती नाही, म्हणून ती कुणाच्या हिशेबात येत नाही. ती मधे गावी गेली होती तेव्हा नवऱ्याचा फोन आला होता. “बाई, ते चिडते आजकाल. पोरीवरही चिडते.” मी विचारलं, तुम्ही काय म्हणता मग? “मी काई म्हनत नाई. मी तिकडं झोपतो, ढाळजीत.” तो काळजीपोटी तिकडे झोपतो, धक्का लागू नये म्हणून. तिला वाटतं किळस आली.

मुलीने आणखी एक गोष्ट पाठवली. लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीवरचे ५० अभ्यास एकत्र वाचले. गुंतागुंत झालेल्यांचं मन आणि रोजचं जगणं मागे पडतं, असं त्यातल्या दोन तृतीयांश अभ्यासांत निघालं, आणि काहींत वर्ष उलटल्यावरही तो फरक राहिलेला होता. जखम त्याआधी भरलेली असते. डॉक्टर जखम पाहून सोडतात. त्यात त्यांचं चुकत नाही, कारण त्यांना शिकवलंच तेवढं. पण मग बाकीचं कुणी पाहायचं?

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटायला शेजारपाजारचे आले. धाकटी आतल्या खोलीत. भेटणं म्हणजे ‘काय झालं होतं’ हे पुन्हा सांगणं.

१९ ऑक्टोबर

जुनी कात्रणं चाळताना खोडवा खटल्याचं कात्रण सापडलं. आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी एका ट्यूटरबाईंनी तो सांगितला होता, तेव्हा निकाल लागायचा होता.

औरंगाबादचं सिव्हिल हॉस्पिटल, जुलै १९६३. एक बाई १० तारखेला बाळंत झाली, १३ ला तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ताप आणि पोटात असह्य कळा. १९ ला पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेल निघाला, ज्याला आम्ही मॉप म्हणतो. २४ जुलैला ती गेली. नवरा आणि मुलं कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने ते काढून घेतले, आणि २० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. पोटात टॉवेल राहिला यातच हलगर्जी सिद्ध होते, घरच्यांनी वेगळं काय सिद्ध करायचं, असा निकालाचा गाभा. दवाखाना चालवणं हे काही राजसत्तेचं खास काम नाही, म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हेही त्यात आलं. जवळजवळ ३३ वर्षं लागली. त्या जुलैत जन्मलेलं बाळ निकालाच्या दिवशी ३२ वर्षांचं होतं.

मॉप मोजायचा आमचा नियम असा: पोट उघडण्याआधी दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचे, आकडा फळ्यावर लिहायचा, बंद करण्याआधी पुन्हा मोजायचे. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही घाईत असला तरी सिस्टरने ‘थांबा’ म्हणायचं. नियम सोपा आहे. अवघड आहे ते ‘थांबा’ म्हणणं. कंत्राटावर लागलेली बावीस वर्षांची मुलगी मोठ्या सरांना थांबा म्हणू शकते का, यावर त्या ओटीची सुरक्षितता ठरते; भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर ठरत नाही.

२३ ऑक्टोबर

जुनी सहकारी भेटायला आली, अजून नोकरीत आहे. चहावर चेकलिस्टचा विषय निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची ती १९ मुद्द्यांची यादी. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी थांबून बोलायचं: कोण रुग्ण, कुठली बाजू, कुठली ॲलर्जी, मोजणी जुळली का. २००९ मध्ये तिचा जो पहिला मोठा अभ्यास छापून आला तो ८ शहरांतला होता, त्यात दिल्लीचं एक हॉस्पिटलही होतं. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले, गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. पानभर कागदाने इतकं केलं.

“आमच्याकडं भरतो न आम्ही,” ती म्हणाली. “संध्याकाळी. सगळ्या एकदम.” आणि दोघी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तपासणीला येणारे टिकमार्क पाहतात, म्हणून टिकमार्क असतात. सरकारची कायाकल्प योजना आली २०१५ मध्ये, तिने स्वच्छता खरंच सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण झाडलेली फरशी दिसते, सायडेक्समध्ये हत्यार किती वेळ होतं ते दिसत नाही.

तिनेच विचारलं, ग्राहक मंचात जाणार का? जाता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात बसतो. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना मात्र त्यातून बाहेर. म्हणजे धाकटीने पैसे मोजले म्हणून तिला ती वाट आहे. तिच्याच गावातली एखादी सरकारीत गेली असती तर दिवाणी कोर्ट, आणि तिथला वेळ खोडवांना विचारावा.

धाकटी ठाम नाही म्हणते. “मले पैसे नाई पायजे. त्यानं एकदा म्हनावं, तुह्यी चूक नोती.”

३ नोव्हेंबर, भाऊबीज

अमिकासिन संपलं. कान शाबूत. बेंबीची गाठ अर्ध्यावर आली, वरची तशीच आहे. नव्या डॉक्टरांचं (दुसरा दवाखाना) म्हणणं, वरचा भाग कापून काढावा लागेल. ती ऐकून गप्प. मग म्हणाली, मत देऊन येतो, मग पाहू.

२२ नोव्हेंबर

परवा मतदान, आज ऑपरेशन. ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावताना सिस्टरने शाई लागलेलं बोट सोडून दुसरं धरलं. म्हटलं, बरी शिकलेली आहे. हे डॉक्टर टेबलावर घेण्याआधी तिच्या उशाशी येऊन उभे राहिले, काय काढणार, जखम उघडी का ठेवणार, किती दिवस भरायला लागतील, सगळं तिच्याशी बोलले, माझ्याशी नाही. आणि सहज म्हणाले, “हा जंतू ऑपरेशनच्या हत्यारातून येतो, ताई. घरच्या पाण्याचा यात संबंध नाही.”

आधीच्या दवाखान्याबद्दल ते एक अक्षर वाईट बोलले नाहीत. तरी तिचं काम झालं. संध्याकाळी भुलीतून बाहेर येताना ती दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि पोरीला फोन लावायला सांगितला. दोन महिन्यांत आपणहून पहिल्यांदा.

२० डिसेंबर

गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर ते गेले. त्यांचा झाडू सगळ्यांना आठवतो. मला दादरची धर्मशाळा आठवते, मुंबईला कॅन्सरच्या उपचारासाठी आलेले गावाकडचे लोक जिथे राहतात ती. दवाखान्यातून बाहेर पडल्यावरही रुग्णाचं आजारपण चालू असतं आणि ते कुठेतरी काढावं लागतं, हे त्या न शिकलेल्या माणसाला कळलं होतं.

९ जानेवारी २०२५

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली त्याला आज ४ वर्षं झाली. १० बाळं गेली. त्यावर चौकश्या झाल्या, फायर ऑडिटचे आदेश निघाले. ते व्हायलाच हवं होतं. पण आगीची बातमी होते म्हणून निदान आदेश तरी निघतो. बेंबीतून पाझरणाऱ्या पाण्याची बातमी होत नाही, आणि कुठल्या दवाखान्यातून अशा किती बाया घरी गेल्या ते मोजायची सक्ती कुणावर नाही. केंद्राने २०१८ ते २०२५ साठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा केला, त्यात अशा घटना कळवण्याची व्यवस्था उभी करायचं लिहिलेलं आहे. आमच्या धाकटीची घटना कुठे कळवायची, हे मला, इतकी वर्षं याच कामात काढून, सांगता येत नाही.

म्हणून पहिल्या दवाखान्याला पत्र लिहिलं. आरोप नाही. इतकंच: जुलैच्या त्या आठवड्यात ज्यांची ज्यांची दुर्बिणीची ऑपरेशनं झाली त्या सगळ्यांना फोन करा, कुणाला गाठ आली का विचारा. सोबत नागपूरच्या रिपोर्टची प्रत. धाकटीने वाचून सही केली.

१९ जानेवारी

जखम तळापासून भरत आली. गोळ्या अजून चालू. संक्रांतीचं हळदीकुंकू तिने गावी केलं, खुर्चीवर बसून. कापसाच्या दुसऱ्या वेचणीला गेली नाही. पट्टी पुन्हा विचारली तर पासष्ट म्हणाली. शंभर का नाही, ते विचारलं नाही.

दवाखान्यातून फोन आला होता. डॉक्टर स्वतः बोलले. तशी आणखी दोन माणसं निघाली म्हणाले, त्यातल्या एकाला त्यांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्या थांबवल्या. हत्यारांचा दुसरा सेट घेतला आहे, धुवायला निर्जंतुक पाणी आणतात. मग धाकटीचा नंबर मागितला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही.

हे पान कुणाच्या हाती पडलंच तर एवढं करा. दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी विचारा: हत्यारं वाफेवर निर्जंतुक करता की द्रावणात, द्रावणात असतील तर किती तास, आणि धुता कुठल्या पाण्याने. विचारायची लाज वाटू देऊ नका, आमच्यातल्या चांगल्या सिस्टरला हा प्रश्न आवडतो. आणि ऑपरेशननंतर महिन्या-दीड महिन्याने सुकलेल्या छेदाला गाठ आली, पाझरू लागली, तर टीबीची पहिली गोळी घेण्याआधी त्या पुवाची मायकोबॅक्टेरियाची तपासणी करून घ्या.